गाडीला 15 वर्षं होतायत? री-पासिंग कसं करायचं, आणि कोणता नियम लागू झालाय कोणता नुसता मसुदा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय की 15 वर्षांच्या वरची गाडी आता थेट भंगारात, पोलिसांनी धरली की जप्त. तो वाचून आपल्या खान्देशात लोक खरंच घाबरलेत. चांगली चालू कंडिशनमधली स्प्लेंडर, रोज शेतात जाणारी, दूध घालायला जाणारी, ती माणूस भंगारवाल्याला मिळेल त्या भावात द्यायला निघतो. परवा एका म्हाताऱ्या बाबांनी मला अगदी रडवेल्या आवाजात विचारलं, "आते मनी गाडी भंगारमा जाई का भो?" म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून टाकतोय, शांतपणे वाचा आणि घरात ज्याच्या नावावर जुनी गाडी आहे त्याला वाचून दाखवा.

तर पहिलं उत्तर, नाही जाणार. महाराष्ट्रात खाजगी गाडीला 15 वर्षं झाली म्हणून ती आपोआप भंगारात जात नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे, त्याचं कलम 41 सांगतं की खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते आणि नंतर ती पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवून मिळते, मग परत 5, मग परत 5. गाडी तपासणीत पास होते तोवर हे चालू राहतं. यालाच आपण री-पासिंग म्हणतो.

मग हा 10 आणि 15 वर्षांचा गोंधळ आला कुठून तर दिल्लीहून. तिथल्या धुरामुळे हरित लवादाने आधी आणि 2018 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआर पट्ट्यात 10 वर्षांवरची डिझेल आणि 15 वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको. तो विषय दिल्लीपुरता आहे, त्यावर नंतर पण कोर्टात बरंच काही झालं, पण चोपडा शहादा शिरपूरच्या गाडीला तो लागू नाही. दुसरी गोष्ट सरकारी गाड्यांची. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या, म्हणजे झेडपी, नगरपालिका, एसटी महामंडळ अशांच्या गाड्यांना 15 वर्षांनंतर नोंदणी वाढवून मिळत नाही. झेडपीची जीप कट्ट्यावर उभी दिसली की लोकांना वाटतं आता आपला नंबर, तसं नाहीये.

आता मसुदा आणि नियम यातला फरक. हा समजून घ्या, कारण निम्म्या अफवा इथूनच उठतात. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला नियम बदलायचा असला की ते आधी राजपत्रात मसुदा छापतात आणि लोकांच्या हरकती-सूचनांसाठी मुदत देतात, बहुतेक वेळा 30 दिवस. तोवर तो नियम नसतो, नुसता प्रस्ताव असतो. पण बातमी मसुदा आला त्याच दिवशी येते, "फी दुप्पट" असा मथळा येतो आणि लोक समजतात लागू झालं. मग खरंच लागू होतं तेव्हा कोणी लक्ष देत नाही कारण बातमी जुनी वाटते. 20 वर्षांवरच्या गाड्यांच्या फीचं असंच झालं, मसुदा फेब्रुवारी 2025 ला आला आणि अंतिम अधिसूचना निघाली ऑगस्ट 2025 ला. ओळखायची खूण सोपी आहे. कागदावर हरकती-सूचना मागवल्या असतील तर मसुदा, आणि राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून अंमलात येईल असं लिहिलं असेल तर नियम. मेसेज पुढे ढकलायच्या आधी एवढं एक वाक्य शोधा.

आज काय लागू आहे ते सांगतो. 15 वर्षांनंतरच्या री-पासिंगची फी 1 एप्रिल 2022 पासून मोटारसायकलला 1000 रुपये आहे, आधी 300 होती, आणि कारला 5000, आधी 600 होती. तीनचाकीला 2500. गाडी 20 वर्षांपेक्षा जुनी असेल तर ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारसायकलला 2000, तीनचाकीला 5000 आणि कारला 10,000. इम्पोर्टेड कारला 80,000 आहे पण ती आपल्याकडे कोणाच्या दारात असणार. स्मार्ट कार्डचे आणि इतर किरकोळ पैसे वेगळे. शिवाय महाराष्ट्रात 15 वर्षांनंतर पर्यावरण कर भरावा लागतो, एकदम पाच वर्षांचा. बरीच वर्षं तो दुचाकीला 2000, पेट्रोल कारला 3000 आणि डिझेल कारला 3500 असा होता, भरताना स्क्रीनवर जो आकडा येईल तो धरा. लोक नुसती 1000 रुपये फी ऐकून जातात आणि तिथे कराचा आकडा बघून भांडत बसतात, म्हणून आधीच खिशात ठेवून जा.

पण खरा मार बसतो तो लेट फीचा. मुदत संपल्यावर अर्ज केला तर दुचाकीला महिन्याला 300 आणि बाकी खाजगी गाड्यांना महिन्याला 500 रुपये जादा लागतात, आणि महिन्याचा काही भाग झाला तरी अख्खा महिना धरतात. हिशोब करा ना, मोटारसायकलची मुदत संपून दोन वर्षं झाली तर 24 महिने गुणिले 300 म्हणजे 7200 रुपये नुसता दंड, वर फी वर कर. कारला तेवढ्याच काळाचे 12,000. गाडीची किंमतच 15-20 हजार असते आणि माणूस म्हणतो जाऊ दे, आणि मग ती तशीच बिनकागदाची फिरवतो. अशी गाडी पकडली तर कलम 192 खाली पहिल्यांदा 2000 ते 5000 दंड आहे, दुसऱ्यांदा त्याहून जास्त. आणि दंडाहून वाईट म्हणजे अपघात. नोंदणी संपलेल्या गाडीचा क्लेम इन्शुरन्स कंपनी नाकारू शकते, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एक केस आली होती, गाडी चोरीला गेली तेव्हा तिची तात्पुरती नोंदणी संपलेली होती आणि कोर्टाने सांगितलं की क्लेम मिळणार नाही. पॉलिसी चालू होती, हप्ता भरलेला होता, तरी. हायवेवरून रोज जाणाऱ्याने हे डोक्यात ठेवा.

म्हणून आजच्या आज एक काम करा, आरसी काढा आणि मुदतीची तारीख बघा. स्मार्ट कार्डवर रजिस्ट्रेशन व्हॅलिडिटी म्हणून असते, जुन्या पुस्तकात नोंदणीची तारीख असते तिच्यात 15 वर्षं मिळवा. मोबाईलवर एमपरिवहन अ‍ॅपमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये पण दिसते. गाडी घेतली ती तारीख धरू नका, शोरूममधून गाडी दसऱ्याला आली आणि पासिंग दिवाळीनंतर झालं असं खूप असतं, आरटीओची नोंदणी तारीख खरी. अर्ज मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून करता येतो. त्याच्या आधी सिस्टीम घेत नाही, त्यामुळे "आत्ताच करून टाकतो" म्हणून सहा महिने आधी आरटीओ ऑफिसला चक्कर मारू नका. पण 60 दिवस उरले की त्याच आठवड्यात सुरू करा कारण आधीची तयारीच जास्त वेळ खाते.

तयारीत सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नावावर. आपल्याकडे निम्म्या गाड्या अजून वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर आहेत, ते जाऊन पाच-सात वर्षं झाली, सातबाऱ्यावर वारस लागले पण गाडीच्या आरसीकडे कोणी बघितलंच नाही. कायद्याप्रमाणे मालक गेल्यावर 30 दिवसात आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यात फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. मृत्यू दाखला, वारसांचे कागद, बाकी भाऊबहिणींची संमती, आधार, विमा हे सगळं लागतं. बहीण पुण्याला, भाऊ सुरतला, सही गोळा करायलाच महिना जातो भाऊ. त्यामुळे आरसीची मुदत शिल्लक आहे तोवरच हे करून घ्या, मुदत संपली की नाव बदलणं आणि री-पासिंग ही दोन कामं एकमेकांत अडकतात आणि मधल्या काळात लेट फीचं मीटर चालूच राहतं. सेकंडहँड घेतलेल्या गाडीचं पण तेच, सही केलेले फॉर्म 29 आणि 30, म्हणजे गाडी नावावर करायचे अर्ज, कपाटात ठेवून वर्षानुवर्षं गाडी चालवणारे खूप आहेत. आधीचा मालक गाव सोडून गेला, नंबर लागत नाही, आणि ओटीपी जातो त्याच्याच मोबाईलवर. गाडी घेतल्याच्या महिन्यातच ट्रान्सफर करा, यात काटकसर करू नका.

दुसरी अडचण सुरत पासिंगची. खान्देशातली अर्धी घरं उधना लिंबायतला कामाला, तिथे घेतलेली जीजे 05 गाडी लॉकडाऊनमध्ये किंवा नंतर गावाला आली आणि इथेच राहिली. दुसऱ्या राज्याची गाडी इथे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिला इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी सुरतच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28 लागतो, मग इथे फॉर्म 27 आणि महाराष्ट्राचा टॅक्स. सीमेवरचे रावेर शिरपूरचे लोक बऱ्हाणपूर सेंधव्याहून एमपी पासिंग गाडी आणतात त्यांना पण हेच. गाडी 14 वर्षांची झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी ठरवा की गाडी तिकडे राहणार की इकडे. आणि एक, दिल्ली पासिंगची स्वस्त डिझेल कार कोणी दाखवली तर एनओसी हातात बघितल्याशिवाय आणि इथला टॅक्स किती पडेल ते काढल्याशिवाय बयाणा देऊ नका, स्वस्तातला सौदा टॅक्समध्ये निघून जातो.

बाकी तयारी झटपट सांगतो. विमा चालू पाहिजे, निदान थर्ड पार्टी. पीयूसी चालू पाहिजे. ई-चलान बाकी असतील तर भरून टाका नाहीतर लोकअदालतीत मिटवा, त्यांच्यामुळे फाईल अडते. गाडीवर कर्ज होतं आणि फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा उतरवा, हप्ते फेडून दहा वर्षं झाली तरी आरसीवर फायनान्सवाल्याचं नाव तसंच असतं. फायनान्स कंपनी बंद पडली असेल तर हे काम लांबतं म्हणून लवकर सुरू करा. आणि नवीन नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे, दुचाकी आणि ट्रॅक्टरला 450, तीनचाकीला 500, चारचाकीला 745 आणि वर जीएसटी. तिच्याशिवाय आरटीओचं काम पुढे सरकत नाही. प्लेट परिवहन विभागाच्या साईटवरूनच बुक करा, गुगलवर वर दिसणाऱ्या कुठल्याही साईटवर पैसे भरू नका, डुप्लिकेट साईटी खूप आहेत.

आता अर्ज. परिवहनच्या साईटवर वाहनाशी संबंधित सेवा, मग महाराष्ट्र, मग गाडीचा नंबर टाकायचा आणि तुमचं आरटीओ येईल, जळगाव एमएच 19, धुळे एमएच 18, नंदुरबार एमएच 39. नोंदणी नूतनीकरणाचा पर्याय निवडा, चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे विचारेल, ओटीपी येईल. मोबाईल नंबर जुना असेल तर आधी तो अपडेट करा, ती सोय तिथेच आहे. फी भरा, तपासणीची तारीख घ्या, फॉर्म 25 म्हणजे नूतनीकरणाच्या अर्जाची प्रिंट काढा. सायबर कॅफेवाल्याकडून केलं तरी चालेल पण मोबाईल नंबर तुमचाच टाकायला लावा आणि पावती तुमच्याकडे ठेवा. 20-25 वर्षं जुन्या गाडीचा नंबर टाकल्यावर माहिती दिसत नसेल तर घाबरू नका, जुन्या पुस्तकाच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढल्या नसतील, मूळ आरसी बुक घेऊन ऑफिसला जा आणि बॅकलॉग एन्ट्री करून घ्या, मगच ऑनलाईन पुढे जाईल. म्हणूनच जुनं पुस्तक फाटलं असलं तरी फेकू नका.

तपासणीच्या आदल्या दिवशी चेसिस नंबरचा छाप घरीच घेऊन ठेवा. स्प्लेंडरसारख्या गाडीला तो हँडलच्या खाली, मानेच्या पाईपवर उजव्या बाजूला ठोकलेला असतो आणि पंधरा वर्षांचा चिखल ग्रीस त्यावर बसलेला असतो. फडक्याला थोडं पेट्रोल लावून हलक्या हाताने पुसा, गाडी बंद आणि थंड असताना. कोरलेले आकडे दिसले की वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून घासा, आकडे पांढरे उठतात. पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश लावू नका. खरवडलेला, पुसट झालेला नंबर बघितला की इन्स्पेक्टरला संशय येतो आणि ते बरोबरच आहे, चोरीच्या गाडीचा नंबर तसाच खरवडतात. गंजाने एखादा आकडा गेला असेल तर स्वतः काही ठोकाठोक करू नका, तसंच दाखवा आणि विचारा.

गाडी घेऊन जाताना हेडलाईट, ब्रेकलाईट, चारही इंडिकेटर, हॉर्न, दोन्ही आरसे, ब्रेक, टायरची नक्षी हे बघून घ्या. आपल्याकडे दुचाकीचे आरसे काढून ठेवायची फॅशन आहे, ते लावा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर काढून कंपनीचा बसवा. रंग बदलला असेल, पेट्रोल कारला गॅस किट बसवलं असेल तर ते आरसीवर चढवलेलं पाहिजे. ट्रॅक्टरवाल्यांनी लक्षात ठेवा की ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ट्रॅक्टरचं री-पासिंग झालं म्हणजे ट्रॉलीचं झालं असं नाही. धडगाव अक्कलकुव्याहून नंदुरबारला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून आरटीओचा कॅम्प तुमच्या तालुक्याला कधी लागतो आणि त्यात हे काम होतं का ते आधी विचारून घ्या.

पिकअप, छोटा हत्ती, काळीपिवळी वाल्यांचा हिशोब वेगळा आहे. तुम्हाला फिटनेस, म्हणजे गाडी चालवण्यालायक असल्याचं सर्टिफिकेट लागतं, पहिली 8 वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने फिटनेसची फी वाढवली आणि वयाचे टप्पे आता 10 वर्षांपासूनच सुरू केले, 20 वर्षांवरच्या अवजड ट्रकला ती 25,000 झाली. केळीच्या सीझनमध्ये गाडी उभी ठेवणं परवडत नाही, त्यामुळे फिटनेसची तारीख सीझनच्या आधी येते का मध्ये ते आत्ताच बघून ठेवा.

सगळा हिशोब करून गाडी परवडत नसेल, लेट फीच गाडीच्या किमतीएवढी झाली असेल, तर मोडीत काढा, पण नीट. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिली की ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतात, ते दाखवून नवीन गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळते. केंद्राच्या नियमात खाजगी गाडीला 25 टक्क्यांपर्यंत सूट देता येते, किती द्यायची ते राज्य ठरवतं. गावातल्या भंगारवाल्याला दिली तर फक्त पैसे घेऊन घरी येऊ नका, गाडी मोडल्यापासून 14 दिवसात आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची जबाबदारी मालकाची असते, चेसिस नंबरचा तुकडा कापून ताब्यात घ्या आणि अर्ज करा. नाहीतर तीच गाडी कुठेतरी वाळू नाहीतर दारू वाहताना पकडली जाते आणि नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

पुढचा मसुदा येईल तेव्हा हरकत पण घ्या, हे मी मनापासून सांगतोय. फी ठरवताना शहरातली वीकेंडची कार आणि साक्रीच्या शेतमजुराची रोजच्या कामाची दुचाकी एकाच तराजूत तोलली जाते, आणि आपल्याकडून कोणी लिहीतच नाही. मसुद्याच्या कागदावरच हरकत पाठवायचा पत्ता आणि ईमेल दिलेला असतो. मोठी भाषा लागत नाही. कोणत्या मसुद्याबद्दल त्याचा जीएसआर नंबर (राजपत्रातल्या त्या कागदाचा क्रमांक), तुमचं गाव, गाडी कशासाठी वापरता, आरटीओ किती लांब आहे, वाढीव फीमुळे नेमकं काय होईल, आणि तुमचं म्हणणं काय, दुचाकीला वेगळा दर ठेवा, लेट फीला कमाल मर्यादा घाला, जे वाटतं ते दोन परिच्छेदात लिहा. मुदतीच्या आत पोचलं पाहिजे, मुदतीनंतर आलेलं विचारात घेत नाहीत. ग्रामसभेचा ठराव करून पाठवला तर अजून चांगलं.

री-पासिंग झालं की नवीन कार्ड पोस्टाने घरी येतं, म्हणून अर्जात पत्ता पिनकोडसकट आणि घर ओळखू येईल असा टाका, गावात एकाच नावाचे चार जण असतात. कार्ड आलं की पाकीट फोडल्या फोडल्या नाव, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नवीन मुदतीची तारीख जुळवून बघा, चूक असेल तर त्याच आठवड्यात सांगा. आणि ती नवीन तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीची टाकून ठेवा.